वनमालाबाईंवर लिहिताना: बंड आणि वैराग्य यांच्या मधली वर्षे

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्या मूळच्या ग्वाल्हेरच्या, शहराच्या लश्कर भागात वाढलेल्या, आणि आता नोकरीनिमित्त बाहेरगावी असतात. ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींच्या स्मरणिकेसाठी त्यांना अभिनेत्री वनमाला यांच्यावर मोठा लेख लिहायचा आहे. मात्र प्रतिष्ठित घराणे, वडिलांचा विरोध, ‘सिकंदर’, ‘श्यामची आई’ आणि अखेरीस वृंदावन, एवढे सांगून झाले की लेख पाचशे शब्दांतच आटोपतो, अशी त्यांची अडचण आहे. जोडीला काही शंका आहेत. वनमालाबाईंना ‘पहिली सुशिक्षित अभिनेत्री’ म्हणावे का, त्यांना राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले असे लिहावे का, आजी सांगते त्या आठवणींवर कितपत विसंबावे, आणि लेखासोबत छायाचित्र छापता येईल का. जुन्या चित्रपटांच्या पुस्तिका, जाहिराती आणि त्या काळातील कलावंतांच्या घरची कागदपत्रे लावण्याचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करतो आणि राहतो ग्वाल्हेरातच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची अडचण मजकूर कमी पडण्याची आहे असे मला वाटत नाही. तुम्ही जो सांगाडा घेतला आहे तो घराचा आहे, अभिनेत्रीचा नाही. मुलगी घराबाहेर पडली, घर रागावले, पुढे ती विरक्त झाली, ही कथा घराच्या उंबरठ्यावर बसून सांगितलेली आहे. त्या उंबरठ्यावरून जाताना दिसते आणि परत येताना दिसते, पण मधली वर्षे दिसत नाहीत. पडद्यावरच्या आरंभीच्या बहुतेक स्त्रियांची चरित्रे अशीच लिहिली गेली आहेत, आणि म्हणूनच ती एकसारखी वाटतात. नाव बदलले तरी बंड तेच आणि वैराग्यही तेच. मधल्या वर्षांत ती बाई रोज सकाळी उठून काय काम करत होती, कोणाकडे करत होती, कोणत्या भाषेत करत होती आणि तेच काम तिला का मिळत होते, हे विचारायला लागलात की दोन हजार शब्द अपुरे पडतील.

किती खोल जाता येईल हे मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात दोन-चार दिवस बसणे शक्य असेल तर लेखाचे स्वरूप वेगळे होईल. तसे नसेल तर घरबसल्या पाहता येणारे दोन चित्रपट, जुन्या वर्तमानपत्रांतील जाहिराती आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलणे एवढ्यावरही चांगला लेख होतो. कुटुंबीयांकडे पत्रे किंवा करारपत्रे असतील आणि ती दाखवण्याची त्यांची तयारी असेल, तर मग ती स्मरणिकेपुरती वापरून सोडून देण्याची वस्तू नव्हे. त्याचे स्वतंत्र काम करावे लागेल.

आधी ज्याबद्दल वाद नाही ते मांडून घेऊ. वनमाला यांचे मूळ नाव सुशीला पवार. जन्म १९१५ चा, उज्जैनचा. वडील कर्नल रावबहादूर बापूराव पवार हे ग्वाल्हेर संस्थानच्या सेवेतले वरिष्ठ अधिकारी होते, त्यामुळे वाढणे आणि वळण ग्वाल्हेरचे. त्या पदवीधर होत्या, पुण्यात शिक्षिका होत्या आणि आचार्य अत्रे यांच्या परिचयातून चित्रपटात आल्या. १९४० मध्ये नवयुगचा ‘लपंडाव’, १९४१ मध्ये अत्रे पिक्चर्सचा ‘पायाची दासी’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘चरणों की दासी’, त्याच वर्षी मिनर्व्हा मूव्हीटोनचा ‘सिकंदर’, १९४२ मध्ये पुन्हा अत्र्यांकडे ‘वसंतसेना’, १९४४ मध्ये शांतारामबापूंच्या राजकमलचा ‘परबत पे अपना डेरा’, आणि १९५३ मध्ये ‘श्यामची आई’. त्यांच्या कामाची यादी याहून मोठी आहे, पण लेखाच्या कण्यासाठी एवढे टप्पे पुरतात. निधन २००७ मध्ये, ग्वाल्हेरातच.

आता ही यादी चित्रपटांची नावे म्हणून न वाचता कंपन्यांची नावे म्हणून वाचा. नवयुग, अत्रे, मिनर्व्हा, पुन्हा अत्रे, राजकमल. चार-पाच वर्षांत एवढे मालक बदलले, म्हणजे या बाई कोणत्याही एका स्टुडिओच्या पगारी नोकर नव्हत्या. ही गोष्ट त्या काळात साधी नव्हती. १९३० च्या दशकात नामवंत नट-नट्या महिन्याच्या पगारावर एका कंपनीशी बांधलेल्या असत, आणि करार मोडणे किती जड जाई हे पाहायचे तर प्रभातच्या शांता आपटे यांचे उदाहरण आहे. १९३९ मध्ये त्या आपल्याच कंपनीच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या होत्या. त्यानंतर वर्षभरातच वनमालाबाई पडद्यावर आल्या. महायुद्धाच्या काळात पगारी पद्धत ढिली होत गेली आणि चित्रपटागणिक कराराने काम करण्याची चाल वाढली. त्या बदलाच्या तोंडाशीच त्यांचा प्रवेश झाला, आणि त्यांची यादी त्या बदलाची साक्ष देते. ‘त्यांनी अनेक नामवंत दिग्दर्शकांबरोबर काम केले’ हे वाक्य प्रत्येक लेखात असते, पण त्यामागे ही व्यवस्था होती हे कोणी सांगत नाही. तुम्ही सांगा.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि इथे ग्वाल्हेरचा खरा संबंध येतो. यादी पुन्हा पाहिली तर आरंभीचा मोठा भाग मराठी आहे आणि १९४२ नंतर जवळजवळ सगळी कामे हिंदीतली आहेत. याचे एक कारण बाहेरचे आहे. युद्धामुळे कच्ची फिल्म दुर्मिळ झाली. १९४२ मध्ये सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर, म्हणजे साधारण दोन तासांवर, मर्यादित केली, आणि पुढच्या वर्षापासून कच्च्या फिल्मसाठी परवाना लागू झाला. मोजूनमापून मिळणारी फिल्म निर्माता साहजिकच अशा चित्रपटावर खर्च करी, जो देशभर चालेल. मराठी चित्रपटांची संख्या त्या वर्षांत पार रोडावली. ज्या मराठी नटीला हिंदी-उर्दू संवाद पेलत नव्हते तिच्यापुढे त्या काळात फारसे काम उरले नाही.

वनमालाबाईंपुढे ती अडचण आली नाही, आणि त्याचे श्रेय मी ग्वाल्हेरला देतो. हा माझा तर्क आहे आणि तर्क म्हणूनच घ्या, पण इथे वाढलेल्या कोणालाही तो पटेल. आपल्याकडे देवघरात आणि स्वयंपाकघरात मराठी असते, आणि ओसरीवर आले की हिंदी सुरू होते. शाळेत, बाड्यावरच्या बाजारात, टांगेवाल्याशी, दरबारी कारभारातही हिंदुस्थानीच. पुण्या-मुंबईच्या मराठी मुलीला जी भाषा मास्तर ठेवून शिकावी लागे, ती ग्वाल्हेरच्या मुलीच्या कानावर जन्मापासून पडलेली असते. सोहराब मोदींच्या मिनर्व्हाची सगळी मदार संवादांवर होती. पारशी रंगभूमीच्या तालमीतून आलेली ती कंपनी, आणि समोर सिकंदराच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर, पोरसच्या भूमिकेत खुद्द मोदी. या दोन आवाजांच्या मधे उभे राहून नायिका रुखसानाचे संवाद म्हणायला पदार्पणानंतर अवघ्या वर्षभराने मराठीभाषक मुलीला घेतले जाते, याचा विचार लेखात आलाच पाहिजे. ग्वाल्हेरने त्यांना विरोध दिला एवढेच आपण सांगत आलो. याच ग्वाल्हेरने त्यांना जी भाषा दिली तिच्यावर त्यांची हिंदीतली कारकीर्द उभी राहिली, हेही स्मरणिकेत छापून यायला हवे, आणि ते इथल्या माणसानेच लिहायला हवे.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष कामाची. दोन्ही महत्त्वाचे चित्रपट, ‘सिकंदर’ आणि ‘श्यामची आई’, आज पाहायला मिळतात. हे मोठे भाग्य समजा, कारण त्या काळी चित्रपट नायट्रेटच्या फिल्मवर उतरवले जात, ती फिल्म सहज पेट घेते आणि नुसती पडून राहिली तरी कुजत जाते. असंख्य चित्रपट असे नाहीसे झाले. मूकपटांच्या काळातल्या बहुतेक नट्यांबद्दल लिहिताना छायाचित्रे आणि जाहिराती यांच्यापलीकडे काही हाती लागत नाही. तुमच्याकडे चालता-बोलता पुरावा आहे, तेव्हा तो पाहिल्याशिवाय एक ओळही लिहू नका. माझी पद्धत अशी की चित्रपट एकदा सरळ पाहायचा, आणि दुसऱ्यांदा चित्र झाकून नुसता ऐकायचा. अभिनयाच्या जुन्या परीक्षणांत रूपाचे वर्णन इतके असते की आवाजाकडे दुर्लक्षच होते.

‘सिकंदर’ पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. रुखसाना ही शोभेची नायिका नाही. सिकंदराच्या जिवाच्या काळजीने ती हिंदुस्थानात येते, पोरसच्या दरबारात जाते, त्याला राखी बांधते आणि त्याच्याकडून वचन मिळवते, आणि पुढे रणांगणावर त्या वचनामुळेच पोरसचा हात थांबतो. एवढ्या मोठ्या युद्धपटात कथेला वळण देणारी कृती तिच्या वाट्याला आली आहे. दोन राजांची भाषणे लोकांच्या लक्षात राहिली आणि ही कृती विसरली गेली. राखीच्या प्रसंगाचे तपशीलवार वर्णन केलेत, म्हणजे ती कुठे उभी आहे, केव्हा गप्प राहते, मोदींच्या धबधब्यासारख्या बोलण्यापुढे आपला स्वर किती ठेवते, तर एका परिच्छेदात वाचकाला अभिनेत्री दिसेल.

‘पायाची दासी’मध्ये सासुरवासाची कथा आहे. छळणाऱ्या सासूच्या भूमिकेत दुर्गा खोटे आणि सोसणाऱ्या सुनेच्या भूमिकेत वनमाला. सोसणाऱ्या भूमिकेला पारितोषिके मिळत नाहीत. त्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतील कामाबद्दल बंगालच्या चित्रपट पत्रकारांचा पुरस्कार दुर्गाबाईंना मिळाला. ‘वसंतसेना’चे कथानक ‘मृच्छकटिका’चे, म्हणजे उज्जयिनीतले. उज्जैनमध्ये जन्मलेल्या मुलीने उज्जयिनीची गणिका साकारली हा योगायोग लेखात एका ओळीत सांगायला हरकत नाही, त्यावर डोलारा मात्र उभारू नका.

‘श्यामची आई’ येते तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या. रुखसाना आणि श्यामची आई यांच्यामध्ये बारा वर्षे आहेत, आणि त्या बारा वर्षांतच युद्ध, फाळणी, स्वातंत्र्य हे सगळे होऊन गेले. भूमिका कोकणातल्या गरीब घरातल्या आईची. दागिना नाही, गाण्यातला नखरा नाही, प्रकाशयोजनेचा लाड नाही. पोहायला जायचे टाळून लपून बसलेल्या श्यामला शोधून काढून मारत विहिरीकडे धाडणारी आई नीट पाहा. मारताना हात कडक आहे आणि चेहऱ्यावर राग पुरता उमटत नाही. मायाळू आई उभी करणे सोपे असते. धाक घालणारी आई प्रेक्षकांच्या मनातून न उतरू देणे अवघड असते, आणि त्यांनी ते साधले आहे असे माझे मत आहे. त्या शिक्षिका होत्या म्हणून हे जमले असे लिहिण्याचा मोह होईल. तो आवरा, कारण त्याला पुरावा नाही, आणि कमावलेल्या कौशल्याचे श्रेय स्वभावाला देऊन टाकण्याची खोड नट्यांच्या बाबतीतच फार आढळते.

सुवर्णपदकाची शंका इथेच फेडतो. १९५४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले आणि १९५३ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळाले. ते पदक चित्रपटाचे होते. अभिनयासाठी स्वतंत्र राष्ट्रीय पुरस्कार १९६७ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाले, त्यामुळे वनमालाबाईंना अभिनयाचे सुवर्णपदक मिळाले असे लिहिले तर ते चूक ठरेल. ‘ज्या चित्रपटाला पहिले सुवर्णपदक मिळाले त्यात त्यांची मध्यवर्ती भूमिका होती’ हे वाक्य अचूक आहे आणि गौरवाचेही आहे.

‘पहिली’ हा शब्द तर चित्रपटाच्या इतिहासात शक्यतो टाळावाच. स्त्रियांनी पडद्यावर यायला सुरुवात केली ती दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मधून. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, या दोघी होत्या. प्रतिष्ठित मराठी घरातल्या दुर्गा खोटे १९३१-३२ मध्येच पडद्यावर आल्या होत्या, आणि पदवीधर लीला चिटणीस १९४० पर्यंत नावारूपाला आल्या होत्या. तेव्हा वनमालाबाई पहिल्या नव्हेत. त्यांच्या आधी वाट थोडी मळलेली होती, आणि तरीही संस्थानी अधिकाऱ्याच्या घरातून निघणे मुंबईतल्या घरातून निघण्याइतके सोपे नव्हते. हा फरक समजावून सांगणे कुठल्याही पहिलेपणापेक्षा मोलाचे आहे. मुंबईत माणूस गर्दीत हरवतो. लश्करात कोणाची मुलगी कोणत्या गाडीने कुठे गेली हे संध्याकाळपर्यंत सराफ्यापासून दौलतगंजापर्यंत पोचलेले असे, आणि संस्थानच्या चाकरीत बापाची अब्रू दरबाराच्या मर्जीशी बांधलेली असे.

आता आजींच्या आठवणींकडे वळतो. त्या अवश्य घ्या, पण प्रश्न बदलून घ्या. ‘घरच्यांचा विरोध होता का’ असे विचारलेत तर ‘होता हो, फार होता’ एवढेच उत्तर येईल, कारण तेच उत्तर अपेक्षित आहे हे आजींना ठाऊक असते. त्याऐवजी विचारा की तो सिनेमा तुम्ही कोणत्या टॉकीजला पाहिलात, कोणाबरोबर गेलात, घरी सांगून गेलात की न सांगता, बायका कुठे बसायच्या, परत आल्यावर जेवताना त्यावर कोणी बोलले का. अशा लहान प्रश्नांना खरी उत्तरे मिळतात. सालाच्या बाबतीत मात्र आठवणीवर भिस्त ठेवू नका. चित्रपट आधी मुंबई-पुण्यात लागे आणि आपल्याकडे बऱ्याच उशिरा येई, शिवाय चाललेला चित्रपट पुन्हा पुन्हा लागे. आजी जे साल सांगतात ते त्यांनी पाहिल्याचे असते, निघाल्याचे नसते. दोन्ही साले टिपून ठेवा, कारण ती दोन्ही आपापल्या जागी खरी असतात.

गाण्यांची पुस्तिका, जिला जुने लोक चोपडी म्हणत, घरात कुठे निघाली तर तिच्याबाबतही हेच. थिएटरात आण्या-दोन आण्यांना मिळणाऱ्या या पुस्तिकांत नटसंच, कथासार आणि गाणी असत, पण पुष्कळदा छपाईचे साल नसते. अशा वेळी मी आधी मलपृष्ठाच्या तळाशी मुद्रकाची ओळ शोधतो, मग आतल्या जाहिराती पाहतो, कारण कंपनीने आपला ‘आगामी’ चित्रपट तिथे छापलेला असला की काळाची मर्यादा ठरते. नटसंचात नाव कितव्या क्रमांकावर आहे आणि कोणत्या आकाराच्या टाइपात आहे हेही टिपावे. कंपनी त्या नटीला काय किंमत देत होती ते तिथे कळते. गंजलेली पिन ओढून काढू नका, कागद फाटतो. पान उघडे धरून मोबाइलवर फोटो घ्या. ग्वाल्हेर दरबारचे ‘जयाजी प्रताप’ हे पत्र आणि त्या काळची मराठी वर्तमानपत्रे जिथे चाळायला मिळतील तिथे बातमीपेक्षा जाहिरातींचे पान आधी पाहा.

वृंदावनाबद्दल मी मुद्दाम शेवटी लिहितो आहे. उत्तर आयुष्यात त्या तिकडे वळल्या हे खरे, पण त्यावरून ‘चित्रपटसृष्टीला विटून’ किंवा ‘प्रायश्चित्त म्हणून’ असे काही लिहू नका. पन्नाशी-साठीनंतर देवाधर्माकडे वळलेल्या वकिलाबद्दल किंवा डॉक्टरबद्दल आपण त्याला वकिलीचा पश्चात्ताप झाला असे लिहीत नाही. अभिनेत्रीच्याच भक्तीला पश्चात्तापाचा रंग का द्यावा? त्यांच्या खासगी नात्यांबद्दलच्या वदंतांनाही हाच नियम लावावा. ज्याने त्यांच्या कामाचा उलगडा होत नाही आणि ज्याला कागद नाही, ते स्मरणिकेत नको.

मग लेखाची सुरुवात कुठून करावी? माझा सल्ला १९४१ पासून करण्याचा आहे. एकाच वर्षात मराठीतली सोसणारी सून आणि हिंदीतली पोरसच्या दरबारात उभी राहणारी रुखसाना, या दोन भूमिका समोरासमोर ठेवा, तिथून मागे ग्वाल्हेरला जा आणि मग पुढे युद्धकाळ, हिंदी चित्रपट आणि ‘श्यामची आई’ असे या. घराच्या विरोधाला एक परिच्छेद पुरेल.

छायाचित्राबद्दल. आपल्याकडे चित्रपट आणि छायाचित्र यांवरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो, त्यामुळे १९४१ मधील किंवा १९५३ मधील चित्रपटाचे दृश्य छापायला आज अडचण नाही. घरगुती छायाचित्राची गोष्ट निराळी आहे. ते ज्यांच्याकडे आहे त्यांची लेखी परवानगी घ्या, आणि मूळ प्रत न मागता त्यांच्याच घरी बसून तिचा फोटो काढा. छायाचित्राखाली ‘वनमाला, तरुणपणी’ असे न लिहिता चित्रपटाचे नाव, साल, भूमिकेचे नाव आणि शेजारी उभ्या असलेल्या कलावंताचे नाव द्या.